प्रॉम्प्टिंगवाल्या काकांना, तुमच्या बेणारेकडून

काका, तुम्हाला फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून दुसरंच काहीतरी काढता, म्हणून हे सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. प्रयोग होऊन गेला तरी अजून मला नीट झोप लागत नाहीये आणि हे लिहिल्याशिवाय लागेल असं वाटत नाही.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक करायचं ठरलं तेव्हा मला बेणारे, म्हणजे त्यातली मुख्य भूमिका, मिळाली म्हणून मी किती खूष होते ते घरच्यांना विचारा. आणि मग पहिल्या वाचनापासून आमच्या आधीच्या दिग्दर्शकांनी एकच धोशा लावला, बेणारे बिचारी दिसली पाहिजे, लोकांना कळवळा आला पाहिजे. पहिल्या अंकातलं तिचं खिदळणं, गावातल्या साध्याभोळ्या सामंतला घोळात घेणं, तिच्याच नाटकमंडळीतल्या सुखात्मे-पोंक्षे-काशीकरांची ती टर उडवते ते सगळं "वेळ खातं" म्हणून कापून टाकलं. एन्ट्रीपासून चेहरा पडलेला, दुसऱ्या अंकापासून डोळ्यात पाणी. एका तालमीला तर ग्लिसरीन आणून ठेवलं होतं. मला पटत नव्हतं, तसं मी बोललेही, तर "तू अभिनय कर, विचार आम्ही करतो" असं सगळ्यांसमोर ऐकवलं. आणि मग स्पर्धा तोंडावर असताना दुसरं काम मिळालं म्हणून साहेब निघून गेले, साधा एक फोन नाही. हे मी रागानेच लिहितेय आणि तो राग गेलेला नाही.

तुम्हाला तर फक्त प्रॉम्प्टिंगला, विसरलेली वाक्यं आडून सांगायला, बोलावलं होतं. शाळेचा तो हॉल, ट्यूबलाइट फडफडतेय, सगळ्यांची तोंडं उतरलेली. तुम्ही म्हणालात, कापलेलं सगळं परत घाला आणि पहिली वीस मिनिटं करून दाखवा. मी करायला लागले. काशीकरांची नक्कल केली आणि खालून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. बघते तर तुम्ही संहिता मांडीवर पालथी टाकलेली, चष्मा काढून हातात धरलेला आणि खोकला येईपर्यंत हसताय! त्या संहितेतलं अक्षर न् अक्षर तुम्हाला पाठ होतं, तरी हसत होतात. काका, इतक्या तालमीत बेणारेला बघून पहिल्यांदा कोणीतरी हसलं होतं. मला एकदम मोकळं वाटलं, हात कुठे ठेवायचे हा प्रश्नच संपला.

नंतर चहा पिताना तुम्ही एवढंच म्हणालात की आधी ती आवडू दे, दया नंतरची गोष्ट आहे. त्यावर मी किती विचार केलाय! तेंडुलकरांनी १९६७ साली हे रंगायन या नाट्यसंस्थेसाठी दिलं तेव्हा एक बिनलग्नाची गरोदर मास्तरीण प्रेक्षकांसमोर उभी करायची होती, आणि त्यांनी काय केलं, तर ती गरोदर आहे हे आधी सांगितलंच नाही. आधी तिची बडबड, तिचा शाळेबद्दलचा अभिमान, ती किती जिवंत आहे ते दाखवलं. मग त्या मंडळींचा खेळ म्हणून तिच्यावर खोटा खटला सुरू होतो, भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात आणि आपण प्रेक्षकसुद्धा मजेत बघत बसतो, काशीकर कान कोरतायत, सुखात्मे वकिली थाटात फेऱ्या मारतायत, हसू येतंच. आणि मग कधीतरी लक्षात येतं की ती हसायची थांबलीये. आपण मात्र अजून हसतोय. पोंक्षे तिच्या पर्समधल्या टिक-ट्वेंटीच्या, विषाच्या बाटलीचं सांगतो तोवर आपण त्या कोर्टात केव्हाच सामील झालेलो असतो. मी पहिल्यापासून रडत राहिले असते तर लोकांनी च्‌ च्‌ केलं असतं आणि सुटले असते. तेंडुलकर कोणाला सुटू देत नाहीत.

आणि सामंत! तो खरंच भला माणूस आहे, सगळ्या नाटकात एकटाच, आणि तरी त्याच्याच तोंडून, कुठल्यातरी कादंबरीतलं वाचून दिलेल्या खोट्या साक्षीतून, तिचं खरं बाहेर पडायला लागतं. बिचाऱ्याला पत्ताही नसतो. पण शेवटी तो लांबूनच तिच्याजवळ घरच्या लहान मुलासाठी घेतलेला कापडी पोपट ठेवतो. बाकीचे सुशिक्षित, संस्कृतीच्या गप्पा मारणारे, जणू काही झालंच नाही असं वागतात. मला आता वाटतं सज्जनपणा म्हणजे बहुतेक असंच काहीतरी असतं, फार कळत नसतं, फार बोलताही येत नाही, पण समोरच्या माणसाला एकटं टाकवत नाही. अशी माणसं गावात, ऑफिसात, सोसायटीत असतात आणि त्यांचं नाव कधी बॅनरवर येत नाही. तुमचंही आमच्या पत्रिकेत बारीक अक्षरात आलं, त्यावरून मी भांडलेय, पुढच्या वेळी नीट छापतील.

शेवटच्या, बेणारेच्या स्वगताबद्दलही सांगायचंय. तेंडुलकरांनी ते आधी लिहिलं नव्हतं, पहिल्या प्रयोगाचे दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि पहिली बेणारे सुलभा देशपांडे यांच्या आग्रहाने ते आलं असं सांगतात, हे तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर मी ते दयेची भीक मागितल्यासारखं म्हणणंच बंद केलं. सगळे गोठलेले असताना ती स्वतःशी बोलते, कोर्टाला ते ऐकूच जात नाही, मग रडून दाखवायचं कोणाला? प्रयोगात माझा आवाज चिरकला एका ठिकाणी, तो ठरवलेला नव्हता.

प्रयोगानंतर एक बाई आत आल्या, साधारण माझ्या आईच्या वयाच्या. माझा हात धरून म्हणाल्या, "मी पोंक्षेच्या साक्षीला हसले गं, मोठ्याने हसले, आणि नंतर मला कुठे बघू कळेना." मला त्यांना सांगायचं होतं की हे माझं नाही, आमच्या काकांचं आहे, पण तेवढ्यात मेकअप उतरवायला हाक आली आणि त्या गेल्या. तुम्ही तेव्हा खाली खुर्च्या लावून ठेवत होतात, म्हणून तुम्हाला कळलं नसणार, म्हणून सांगितलं.

काकूंना नमस्कार सांगा. रविवारी येतेय घरी, आणि विषय बदलू देणार नाही.

तुमची,
बेणारे