गंज तुमचा, व्हिनेगर तुमचं, वॉरंटी मात्र माझी रद्द

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय: एअर रायफलच्या नळीवरील गंज आणि उडालेलं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा काळा संरक्षक थर. पाचव्या फोननंतरची पहिली लेखी तक्रार.

महोदय,

आज दुपारी तुमच्या मदत क्रमांकावर पाचवा फोन केला. ४३ मिनिटं चालला, त्यातली २९ तुमची धून ऐकण्यात गेली. हे पत्र त्यानंतर लगेच लिहायला बसलो आहे. भाषा खरखरीत वाटली तर नळीवरून बोट फिरवून बघा, ती जास्त खरखरीत आहे.

रायफल तुमची ब्रेक-बॅरल स्प्रिंगवाली (नळी मोडून भरायची), ०.१७७ कॅलिबरची. तिची घडण तुम्हाला समजावत बसत नाही, ती तुम्हीच बनवली आहे. निदान खोक्यावर तसं छापलं आहे. घरी आणल्यावर अकराव्या दिवशी पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, हलायला लागली म्हणून ती खाचेतून सरकवून काढली. खाली मिठासारखी पांढरी पापडी आणि तिच्या कडेने नारिंगी गंज. नळी ब्रीच ब्लॉकमध्ये, म्हणजे मागच्या टोकाच्या ठोकळ्यात, शिरते त्या सांध्यावरही तेच, केसासारखी बारीक लाल रेघ. नळीचा बाकीचा सगळा भाग तेव्हा स्वच्छ, काळाभोर होता. तोच, जिथे माझा हात लागतो. हे वाक्य कृपया दोनदा वाचा, कारण तुमच्या पाच प्रतिनिधींपैकी एकानेही ते एकदासुद्धा ऐकलं नाही.

ती पांढरी पापडी कसली हे तुमच्या गुणवत्ता विभागाला माहीत असणार. ब्लूइंग करायचं म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात नळी बुडवायची, पृष्ठभागाचा काळा ऑक्साइड करायचा, मग पाण्यात नीट विसळून, उकळून, तेलात टाकायची. त्यातलं विसळणं घाईत उरकलं की द्रावणातले क्षार खाचांत आणि सांध्यांत दडून बसतात, हवेतली ओल ओढतात आणि काही दिवसांनी झिरपून बाहेर येतात. आधी पांढरे, मग लाल. ज्या कामगाराने त्या दिवशी पाणी बदललं नाही त्याच्यावर माझा राग नाही. राग पुढच्या कहाणीवर आहे.

पहिले दोन फोन सोडून देतो. त्यात फक्त बिलाचा क्रमांक विचारला गेला, दोन्ही वेळा, सावकाश. तिसऱ्या फोनवर मी स्वतःच विचारलं: हलकं तेल लावून रात्रभर ठेवतो आणि सकाळी चार शून्याच्या, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूलने, अजिबात जोर न लावता, गंज पुसतो, चालेल का? पलीकडचे गृहस्थ ठामपणे म्हणाले, ‘नको सर, ओरखडे पडतील. फडक्यावर व्हिनेगर घ्या आणि नळीला गुंडाळून अर्धा तास ठेवा. गंज पूर्ण जाईल.’ मी म्हटलं, ‘नक्की?’ ते म्हणाले, ‘कंपनीची शिफारस आहे.’

गंज गेला. ब्लूइंगही गेलं. जायचंच होतं. ब्लूइंग म्हणजे शेवटी लोखंडाचा ऑक्साइडच, लाल गंजाचा शहाणा भाऊ. केसाहून कितीतरी पातळ थर, खालच्या पोलादाला घट्ट धरून बसलेला आणि तेल शोषून ठेवणारा. व्हिनेगरमधल्या आम्लाला या दोघा भावांतला फरक कळत नाही, ते दोघांनाही खातं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, ही माझी चूक. पण ज्या कंपनीने ते ब्लूइंग केलं तिच्या माणसाला माहीत नव्हतं, हिला चूक म्हणायचं की आणखी काही, ते तुम्ही ठरवा. साइटच्या खाचेपासून चार बोटं नळी आता भांड्यासारखी राखाडी दिसते आणि सांध्याभोवती डाग पडले आहेत. त्या राखाडी पट्ट्यात दोन दिवसांत नवा गंज धरला, कारण उघड्या पोलादाला झाकायला काही उरलंच नाही.

चौथ्या फोनवर एका बाईंनी सहानुभूती दाखवली, त्याबद्दल आभार. मग उपाय सांगितला: ‘भरपूर स्प्रे मारा सर, बाहेरून आणि ट्रान्स्फर पोर्टमधून आतसुद्धा.’ ट्रान्स्फर पोर्ट म्हणजे कॉम्प्रेशन चेंबरमधली दाबलेली हवा नळीत जाते ते भोक, आणि तुमच्याच माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरात लिहिलं आहे की त्या चेंबरमध्ये खनिज तेल जाऊ देऊ नका. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेट घेतं, डिझेलिंग होतं, स्प्रिंग आणि सील खराब होतात. तुमची पुस्तिका मी वाचतो. कंपनीत कुणीतरी वाचावी अशी विनंती आहे.

आता आजचा फोन. आज मला ‘वरिष्ठ’ मिळाले. फोटो त्यांच्यासमोर होते, असं ते म्हणाले.

‘सर, फोटोत फिनिश रसायनाने काढलेली दिसते. ग्राहकाने रसायन वापरलं तर वॉरंटी लागू नाही.’

मी सांगितलं की ते रसायन तुमच्या माणसानेच वापरायला लावलं.

‘आमच्या नोंदीत तसं काही नाही.’

‘तुमचा फोन सुरू होतानाच सांगतो की संभाषण रेकॉर्ड होतं. ऐका ना.’

‘ते प्रशिक्षणासाठी असतं, सर.’

इथे मी हसलो. चुकून हसलो. कारण ते रेकॉर्डिंग खरंच प्रशिक्षणासाठी वापरलं असतं तर मला व्हिनेगर लावायला सांगितलं नसतं. त्यांना हसणं आवडलं नसावं, कारण त्यांनी लगेच प्रश्नावली काढली.

‘रायफल दमट जागी ठेवली होती का?’ नाही. कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, फोमच्या पेटीबाहेर, कारण फोम ओल धरून ठेवतो. ‘वापरल्यावर तेल लावलं होतं का?’ दर वेळी. ‘तुमच्या हाताला घाम येतो का?’ येतो, माणूस आहे. ते थोडे थांबले आणि मग हा प्रश्न आला, जसाच्या तसा लिहितो:

‘सर, तुम्ही रायफल हाताने धरली होती का?’

मी म्हटलं, ‘काय?’ ते पुन्हा म्हणाले, सावकाश, जणू मला ऐकू येत नाही. मी म्हटलं, हो. दुसऱ्या कशाने धरायची ते तुमच्या पुस्तिकेत सापडलं नाही. पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली आणि ते टंकताना वाचूनही दाखवत होते: ‘ग्राहकाने... उत्पादनाला... हात लावल्याचं... मान्य केलं.’

महोदय, मी मान्य केलं! नेम धरायची वस्तू मी हातात धरली, हा गुन्हा तुमच्या दप्तरी नोंदला गेला आहे. वॉरंटी टिकवायची तर ती काचेत ठेवून लांबून बघायची, असा नियम असेल तर तो खोक्यावर छापा. आणि साइटखालच्या खाचेत बोट जात नाही, घाम तिथे पोहोचतो कसा, हे विचारलं तर उत्तर आलं: ‘तांत्रिक विभाग बघेल.’ तांत्रिक विभागाशी बोलायला मिळेल का? नाही. ते फोन घेत नाहीत. सुखी लोक.

शेवटी मला सवलत म्हणून टच-अप पेन देऊ केलं. ते कोल्ड ब्लू आहे, म्हणजे गरम न करता वरून लावायचं रसायन, हे मला कळतं. त्याने पोलादाचा ऑक्साइड होत नाही, वर काळं काहीतरी बसतं, बहुधा सेलेनियम आणि तांब्याचं. ओरखड्यावर, टिंबाएवढ्या डागावर ठीक. चार बोटं उघड्या नळीवर ते काजळ फासल्यासारखं दिसेल, रंग मूळ ब्लूइंगशी जुळणार नाही आणि काही दिवस हाताळलं की उतरेल. हाताळायचं नाही म्हणा आता, ते वेगळं.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो. माझ्या वडिलांचीही एअर रायफल तुमच्याच कंपनीची आहे. त्याच कपाटात, त्याच तेलाने, माझ्याच घामट हातांनी पुसलेली. डावा हात जिथे धरतो तिथे ब्लूइंग झिजून पोलाद चांदीसारखं चमकतं, ती वापराची झीज आहे आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. साइटच्या खाचेत मात्र अजून शाईसारखा काळा रंग आहे, कारण तेव्हा कुणीतरी नळी नीट विसळली होती. ती रायफल बघूनच मी तुमची घेतली. दुकानात दुसऱ्या कंपनीचीही होती, हातात घेतलीही होती. ठेवून दिली.

मागणी साधी आहे. नळी आणि ब्रीच ब्लॉकचा पूर्ण जोड बदलून द्या. तो नसेल तर पहिलं ब्लूइंग काढून, पॉलिश करून, कारखान्यात पुन्हा ब्लूइंग करून द्या आणि या वेळी सांधे उकळत्या पाण्यात विसळा. पेन नको, कूपन नको, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य तर मुळीच नको. येण्या-जाण्याचा पार्सल खर्च तुमचा. व्हिनेगरचा सल्ला ज्याने दिला त्या माणसाला शिक्षा करू नका, त्याला ब्लूइंग कसं होतं ते दाखवा. वरिष्ठांनाही सोबत न्या.

उत्तर १५ दिवसांत, लेखी. नाही आलं तर पाचही फोनच्या तारखा, वेळा, साइट काढतानाचे फोटो आणि व्हिनेगरनंतरचे फोटो जोडून ग्राहक न्यायालयात जाईन. साइटच्या खाचेतल्या पापडीचा फोटो मोठा करून लावेन. वॉरंटीच्या कागदावर ‘उत्पादनातील दोष’ असं लिहिलं आहे, त्याचा अर्थ तिथे कुणीतरी वाचून दाखवेल.

कळावे,
तुमचा अजून तरी ग्राहक

ता. क. आज सकाळी पुन्हा पाहिलं, उघड्या भागावर नारिंगी ठिपके आले आहेत. पार्सल निघेपर्यंत रोज तेल लावतो आहे. तुमच्या वरिष्ठांना नोंद करायची असेल तर करू द्या: ग्राहकाने पुन्हा हात लावला.