उर्नेसच्या गाईडताईंना

प्रिय गाईडताई,

नॉर्वेतल्या ओर्नेस गावातल्या 'उर्नेस' या जुन्या लाकडी चर्चपाशी तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. आमच्या सहल कंपनीने पत्रिकेत 'उर्नेस चर्च' ठळक छापलं होतं. प्रत्यक्षात लुस्त्राफियॉर्ड या चिंचोळ्या खाडीच्या पैलतीरी, सोल्वोर्नला बस थांबवून 'ते बघा, वर झाडीत' एवढ्यावर बोळवण केली. 1979 पासून जागतिक वारसा असलेली वास्तू अशी लांबून उरकायची? संताप अजून गेलेला नाही. हट्ट धरला म्हणून फेरीबोटीत बसून आणि पुढचा चढ चढून तुमच्यापर्यंत पोहोचलो.

उत्तरेच्या भिंतीवरच्या कोरीवकामावर समोरून उजेड टाकला की सगळं सपाट, करडं दिसतं. तुम्ही टॉर्च फळ्यांच्या अगदी कडेला, लाकडाला न टेकवता आडवी धरलीत. उजेड तिरपा घासत गेला, प्रत्येक उठावाची सावली पडली आणि चार पायांचा प्राणी उठून दिसला. त्याने सापाला धरलंय, साप त्याला चावतोय, भोवती जाड-बारीक वेटोळी एकमेकांच्या खालून-वरून गेलीत. मागाहून धापा टाकत आलेल्या मावशींसाठी तुम्ही पुन्हा टॉर्च लावलीत, तेवढ्याच सावकाश. ते विसरता येत नाही.

हे नक्षीकाम 1070 च्या सुमाराचं, आधीच्या चर्चचं. 1130 च्या आसपास आजचं चर्च उभं राहिलं तेव्हा ते जपून इथे बसवलं. त्याआधीच्या काळात खांब थेट मातीत पुरत. ओल धरून ते बुडाशी कुजत. इथे दगडी पायावर आडव्या तुळया आहेत आणि खांब त्यांवर, जमिनीपासून सुटे. शिवाय बाहेरून पाइनचं डांबर. पाइनचं लाकूड इतकी शतकं टिकलं ते यामुळे. 1881 पासून एका वारसा-संस्थेने ते सांभाळलंय.

जाणाऱ्यांनी हे मात्र ध्यानात ठेवावं: चर्च उन्हाळ्यातच उघडं असतं. फेरीबोट लहान, गाड्या मोजक्याच मावतात. पायी जाणं उत्तम. धक्क्यापासून किलोमीटरभर चढ आहे, परतीची वेळ बघूनच निघा.

ताई, परक्या देशात, घाई न करता, उशिरा आलेल्याला आधी आलेल्याइतकाच मान देणारं माणूस भेटणं दुर्मीळ. तुमचे खूप खूप आभार.

आपली,
एक कृतज्ञ प्रवासी