शिक्षेनंतरचा जामीन आणि रखडलेले अपील

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एखाद्या गाजलेल्या खटल्यात सत्र न्यायालयाने शिक्षा ठोठावलेला माणूस उच्च न्यायालयातून जामीन मिळवून गावात परतला की, दोषी ठरलेल्याला जामीनच मिळू नये आणि त्यासाठी राज्याने वेळ पडल्यास घटना बदलावी, अशी मागणी होऊ लागते. अमेरिकेतील राज्यांना स्वतःच्या घटना आहेत व त्यांपैकी बऱ्याच घटनांत जामिनाचे कलमच असल्याने तेथे असा बदल थेट मतदारांपुढे जातो. आपल्या राज्याला वेगळी घटना नाही. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत, असल्यामुळे केंद्रीय कायद्याशी विसंगत दुरुस्ती करायची तर राष्ट्रपतींची संमती लागते, आणि ती मिळणे किती अवघड असते हे डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या, महिला व बालकांवरील अत्याचारांना कठोर शिक्षा सुचवणाऱ्या ‘शक्ती’ विधेयकावरून दिसलेच आहे.

मुळात सध्याचा कायदा समजला जातो तितका सैल नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० नुसार, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९ नुसार, अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करून जामीन द्यायचा तर अपिलीय न्यायालयाला कारणे लेखी नोंदवावी लागतात. आणि गुन्हा फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या कैदेस पात्र असेल, तर सरकारी वकिलाला लेखी हरकत घेण्याची संधी दिल्याशिवाय सुटका होत नाही. शिक्षेनंतर निर्दोषत्वाचे गृहीतक उरत नाही, हे मान्यच आहे. तरीही पहिले अपील म्हणजे संपूर्ण पुराव्याची फेरतपासणी असते आणि तीत शिक्षा रद्द होणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

अडते ते अपील सुनावणीला येण्यापाशी. परभणी, हिंगोली, बीड, लातूरच्या सत्र न्यायालयांतून निघालेली अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात, त्याच्याकडे मराठवाड्याखेरीज जळगाव, धुळे, नंदुरबार आणि अहिल्यानगर हे जिल्हेही आहेत. अपील दाखल झाले की खालच्या न्यायालयाचे मूळ रेकॉर्ड मागवायचे, साक्षीदारांचे मराठी जबाब, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल यांची पाने लावायची, आवश्यक तेथे इंग्रजी भाषांतर करून पेपर बुक तयार करायचे आणि मग बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, नंबर लागण्याची वाट पाहायची. या वाटेत आरोपीचा दोष कोणता? काश्मिरा सिंग प्रकरणात १९७७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, अपील वाजवी मुदतीत ऐकता येत नसेल तर सबळ कारण नसताना आरोपीला तुरुंगात ठेवणे योग्य नाही. सरसकट बंदी आली आणि शिक्षा भोगून झाल्यावर अपील मंजूर झाले, तर ती वर्षे कोण परत करणार? शिवाय जामीन मिळाला तरी गरिबाच्या घरी ऐपतीचा दाखला आणि सातबारा असलेला जामीनदार शोधण्याची धावपळ सुरू होते ती वेगळीच. पैसेवाल्याचे तेथे अडत नाही, म्हणून कठोर कायद्याचा मारही बहुधा खालच्याच माणसाला बसतो.

पीडितांच्या कुटुंबाची भीती मात्र खोटी नाही. एकाच गल्लीत राहणाऱ्या साक्षीदारांसमोरून दोषी ठरलेला माणूस उजळ माथ्याने फिरू लागला, तर पुढे साक्ष द्यायला कोण धजावेल? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ ने जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडिताला दिला आहे. खून, बलात्कार यांसारख्या प्रकरणांतही शिक्षा स्थगितीच्या अर्जाची नोटीस पीडित कुटुंबाला देणे बंधनकारक करावे आणि गावबंदीसारख्या अटी घातल्यास त्या पाळल्या जातात की नाही, याचा अहवाल पोलीस ठाण्याकडून ठरावीक मुदतीत मागवावा.

राज्य सरकारला खरोखर काही करायचे असेल, तर दुरुस्तीच्या घोषणेआधी खंडपीठातील सरकारी वकिलांची व भाषांतरकारांची पदे भरावीत आणि आरोपी तुरुंगात असलेल्या अपिलांचे पेपर बुक ठरावीक मुदतीत तयार होईल एवढा निधी येत्या अधिवेशनात मंजूर करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, परभणी