मानेचं आधी बघ

बेटा प्राजू,

काल फोनवर "काही नाही गं, जरा मान धरलीये" म्हणालीस आणि लगेच विषय बदललास, पण मागून तुझी रूममेट बोललेली मला ऐकू आली, कॉलर लावलाय म्हणे. असू दे. मी रागावले नाहीये आणि मानेवर परत बोलणारही नाही.

इकडे तुझ्या पप्पांचं कौतुक संपत नाही. जळालेली मोटार तारेने परत भरून घ्यायला जो कोणी केळीवाला दुकानात येतो त्याला ऐकवतात, आमची पोरगी पण तारेचंच काम करते, फक्त तिची तार लोकांच्या तोंडात बसते. सावद्याच्या मावशीने मात्र विचारलंच, बीडीएसची पाच वर्षं झाली ना, मग आता परत तीन कशाला? मग मी सांगितलं तोऱ्यात, बीडीएस झालं की दातांचा डॉक्टर, पण वाकडे दात नि जबड्यासाठी नीट एमडीएसची प्रवेश परीक्षा देऊन वेगळी तीन वर्षं शिकावं लागतं. दात काय नुसता ओढायचा नसतो, ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवीन भरत येतं, तेव्हा कुठे दात सरकतो, जास्त जोर लावला तर मूळ झिजतं, म्हणून दीड-दोन वर्षं जातात. सगळं तुझंच ऐकलेलं. मावशी गप्प.

दिवाळीत तू ते मेणात बसवलेले दात आणले होतेस ना, टायपोडाँट, माझ्या चहाच्या पातेल्यात गरम पाण्यात बुडवलेस आणि मेण मऊ झाल्यावर दात तारेबरोबर हळूच रांगेत आले, नानीसुद्धा काठी टेकत बघायला आल्या होत्या. पातेल्याला मेणाचा वास अजून येतो. पण त्याच रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठले तर तू ओट्यापाशी, पक्कड हातात, तारेचा लूप जमत नाही म्हणून तोडून परत नवा, आणि मान अशी खाली गेलेली की हनुवटी छातीला. मी तेव्हाच म्हटलं होतं.

दर अर्ध्या तासाने उठत जा. पेशंटची खुर्ची वर घे, तू खाली वाकू नकोस. जेवण टाळू नकोस, थिसिस कुठे पळून जात नाही, नानींच्या हाताला मुंग्या यायला लागल्या त्याही मानेमुळेच, आणि तुझं तर सगळं पोट हातावर... जाऊ दे, सॉरी, डॉक्टरला मी काय शिकवणार.

राजूमामा शुक्रवारी येतोय, कळण्याचं पीठ नि महानारायण तेल देते. तेल लाव, नुसतं कपाटात ठेवू नकोस. आणि दिवसभर लोकांच्या कवटीच्या एक्स-रेवर कोन मोजत बसतेस, स्वतःच्या मानेचा काढलास का? नसेल तर उद्याच काढ आणि मला व्हॉट्सॲपवर टाक, मला त्यातलं काही कळत नाही तरी टाक.

तुझी आई