काकांच्या वाटीतल्या ब्लूबेरी

पुणे, २ जुलै

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या हॅमन्टनच्या मळ्यातून दहा पौंड ब्लूबेरी आणल्यास, त्याने काकांची साखर उतरेल का, असं विचारलंस. आधी त्याचंच उत्तर देतो. काकांनी ब्लूबेरी जरूर खावी, पण तिच्या भरवशावर मधुमेहाची एकही गोळी कमी करायची नाही. तिचा खरा फायदा रक्तवाहिन्यांना आहे.

२०१९ साली इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेटाबॉलिक सिंड्रोम (म्हणजे पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी यांतल्या काही गोष्टी एकत्र बिघडलेल्या) असलेल्या, ५० ते ७५ वयाच्या माणसांना सहा महिने रोज ब्लूबेरीची पूड दिली. एका गटाला एक कप, म्हणजे १५० ग्रॅम फळाइतकी, दुसऱ्याला अर्ध्या कपाइतकी, आणि तिसऱ्याला तशीच दिसणारी, पण ब्लूबेरी नसलेली पूड. एक कपवाल्यांच्या रक्तवाहिन्या गरजेनुसार जास्त चांगल्या रुंदावू लागल्या. अर्ध्या कपाने काहीच झालं नाही. इन्सुलिनचा प्रतिरोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, आणि रक्तदाब तर कुठल्याच गटात बदलला नाही. पैसा अमेरिकेतल्या ब्लूबेरी उत्पादकांच्या मंडळाचा होता, तरी जे साधलं नाही तेही त्यांनी सरळ छापलं, म्हणून मी हा प्रयोग मानतो.

साखरेच्या बाबतीत तुझ्या आणि वहिनींच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. हार्वर्डच्या २०१३ च्या पाहणीत आठवड्याला तीनदा ब्लूबेरी खाणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह होण्याचं प्रमाण २६ टक्के कमी दिसलं. ही नुसती पाहणी आहे; अशी माणसं इतर बाबतीतही जपून खात असतात, हे धरूनच वाच. त्याच पाहणीत फळांचे रस पिणाऱ्यांचा धोका मात्र वाढलेला होता.

एक ब्लूबेरी मधोमध कापून बघ. आतला गर फिकट, हिरवट पांढरा. निळा रंग सगळा सालीत. तो रंग म्हणजेच अँथोसायनिन, आणि आपल्याला हवं असतं ते हेच. म्हणून रस काढून चोथा टाकला की बराचसा माल कचऱ्यात जातो. अमेरिकेतल्या मेन राज्यातली रानटी ब्लूबेरी आकाराने बारीक, त्यामुळे तिच्यात गराच्या मानाने साल जास्त. तुमच्याकडे ती फ्रोजन मिळते. ती बिनधास्त घे, गोठवल्याने या रंगाचं फारसं नुकसान होत नाही. उष्णतेने होतं, म्हणून जॅम आणि मफिनला औषध समजू नका.

काकांसाठी मोजमाप असं: एका कपात साधारण २१ ग्रॅम कर्बोदकं, त्यात १५ ग्रॅम साखर. म्हणजे कर्बोदकं जवळपास एका मध्यम पोळीइतकी. ब्लूबेरी नेहमीच्या जेवणावर वरकड न देता दुसऱ्या फळाच्या जागी दे. बिनसाखरेच्या दह्याबरोबर, नाश्त्याला. काका वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, घेत असतील तर आज तीन कप, मग आठवडाभर काहीच नाही, असं करू नका. कपात थोडं व्हिटॅमिन के असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं, म्हणून प्रमाण रोज सारखं ठेवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. ब्लूबेरीने शौचाचा रंग गडद होऊ शकतो, पण डांबरासारखा काळा दिसला तर डॉक्टरांना लगेच सांगा. छोटीला मात्र अख्खी ब्लूबेरी देऊ नका, चार वर्षांची होईपर्यंत उभी चिरून द्या, घशात अडकते.

आता तो ढीग. दहा पौंड म्हणजे साधारण तीस कप. आधी निवडा: फुटलेल्या, मऊ पडलेल्या बाजूला काढा, एका बुरशीने सगळी डबी जाते. देठाजवळ तांबूस असलेल्या आंबट निघतील, तोडल्यावर त्या गोड होत नाहीत. अंगावरची पांढरी भुकटी औषध फवारणीची नव्हे, ते फळाचं स्वतःचं मेण आहे आणि त्यानेच ते टिकतं. म्हणून सगळ्या एकदम धुऊन ठेवू नका. खाण्याआधी लागतील तेवढ्याच धुवा. आठवडाभर पुरतील तेवढ्या, कागद घातलेल्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. बाकीच्या कोरड्याच ट्रेवर एका थरात पसरून रात्रभर गोठवा, मग पिशवीत भरून हवा काढा. ओल्या किंवा थरावर थर ठेवल्या की दगड होतो. त्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतात. वाटीत काढून दहा मिनिटांनी अर्धवट गार असतानाच खा. पूर्ण वितळल्या की साल फुटून रस सुटतो. तो सांडू नका, रंग त्यातच उतरलेला असतो.

वहिनींच्या पॅनकेकला हिरवट छटा येते ती सोड्यामुळे. खाण्याचा सोडा जास्त झाला की हा रंग निळा-हिरवा होतो. सोडा कमी करून ताक थोडं वाढवा.

आईसाठी सुकवलेल्या ब्लूबेरी पाठवायचं म्हणतोस, ते राहू दे. बाजारातल्या बहुतेक साखर लावलेल्या असतात. इथे सध्या जांभळं आली आहेत, त्यांच्या सालीतही याच कुळातला रंग आहे. उद्या मंडईतून पाव किलो आईंना पोचवतो.

काकांना नमस्कार. त्यांच्या गोळ्यांची यादी पाठव, वॉरफरिन आहे का ते बघून सांगतो.

तुझा,
श्रीकांत