पेटीसोबत जोडीदारही द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

नागपूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते. हिवाळी अधिवेशनासाठी आपण इथं याल, तेव्हा एक मागणी कानावर घालायची आहे : शाळेला प्रयोगांची पेटी मिळते, तसा शिक्षकाला शास्त्रज्ञ जोडीदारही मिळावा.

नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था नागपुरात १९५८ पासून आहे. व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय मुख्यालय, रमण विज्ञान केंद्र, सगळं याच शहरात. २०२३ ची भारतीय विज्ञान काँग्रेससुद्धा इथंच भरली. तरी कुही-भिवापूरकडच्या शाळेचा या संस्थांशी संबंध येतो तो बहुतेक सहलीपुरता, नाहीतर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनापुरता.

कंपन्यांच्या सामाजिक निधीतून (सीएसआर) प्रयोगांच्या पेट्या येतात, आणि त्या चांगल्याच असतात. पण त्यांच्यासोबतचं प्रशिक्षण म्हणजे एका दुपारची पीपीटी, हजेरीपटावर सही आणि ग्रुप फोटो. पोरं जे विचारतात ते त्यात नसतं.

साधा मेणबत्तीचा प्रयोग घ्या. ताटलीत पाणी, पेटती मेणबत्ती, वरून पालथा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. ऑक्सिजन संपला म्हणून चढलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. एका मेणबत्तीऐवजी तीन लावा, पाणी जास्त चढतं. ग्लास तर तोच, मग ऑक्सिजन वाढला कुठून? खरं कारण बरंचसं असं, की ग्लासातली तापलेली हवा मेणबत्ती विझल्यावर थंड होऊन आकसते. हा प्रश्न शिक्षकाला स्वतःच्या हातानं सोडवायला मिळाला, तर तो वर्गातल्या प्रश्नांना घाबरत नाही. त्यासाठी वेळ लागतो, आणि ज्याला फोन करून विचारता येईल असं विषयातलं माणूस लागतं.

आमच्याकडे तर घरोघरी कापूस आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे सापळे, लावतात. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली, असं तज्ज्ञ सांगतात. सातवी-आठवीच्या मुलांनी ते पतंग मोजले, सरासरी काढली, आलेख मांडला, तर गणित आणि जीवशास्त्र एकाच बांधावर शिकून होईल. कापूस संस्थेचा एखादा शास्त्रज्ञ शिक्षकांसोबत हंगामभर राहिला पाहिजे, एवढंच.

म्हणून मागणी सरळ आहे. प्रत्येक संस्थेला शाळांची दोन-तीन केंद्रं (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) तीन वर्षांसाठी जोडून द्या आणि तसा लेखी करार करा. नवीन शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. हे काम त्याच तासांत धरा, केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत त्याला जागा द्या. डाएटनं, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं, वेळापत्रक सांभाळावं. विषय मात्र शिक्षकांना विचारून ठरवा. भाषा मराठीच असू द्या.

आणि हे सगळं रविवारी ठेवू नका, साहेब. कामाच्या दिवशी ठेवा, प्रवासभत्ता द्या, आणि दोनशिक्षकी शाळेतून एक जण आला तर त्या दिवसापुरता तिथं दुसरा शिक्षक पाठवा. जीआर काढताना ही तरतूद पहिल्याच पानावर असावी.

आपली,
एक जि. प. शिक्षिका, नागपूर जिल्हा