मशीन मावशींचा अंगठा घेत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑफिसं, कारखाने आणि सोसायट्यांमध्ये हजेरीची आणि दाराची बायोमेट्रिक मशीनं बसवण्याचं काम मी गेली १४ वर्षं करतोय. तेव्हा हे पत्र म्हणजे माझ्याच पोटावर पाय आणण्यासारखं आहे.

गेल्या महिन्यात एका सोसायटीच्या गेटवर नवं मशीन लावलं. आठ दिवसांनी सर्व्हिसिंगला गेलो, तर धुणंभांडी करणाऱ्या एक मावशी अंगठा ठेवताहेत आणि मशीन म्हणतंय, 'प्लीज ट्राय अगेन'. त्यांनी पदराला बोट पुसून पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. मग तर्जनी, मग डावा अंगठा. मागे रांग. वॉचमन म्हणाला, "मावशी, नीट दाबा की." त्या म्हणाल्या, "आता किती दाबू? दोन घरची भांडी पडलीत." शेवटी सेक्रेटरींना फोन करून त्यांना आत सोडलं. चार वर्षं त्या याच गेटातून ये-जा करतात.

चूक मावशींची नव्हती, माझी होती. बोटावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात, त्या जागा टिपून मशीन त्या बोटाचं टेम्प्लेट, म्हणजे साठवून ठेवायचा नमुना, बनवतं. पुढच्या वेळी बोट ठेवलं की जुळवून बघतं. ही जुळणी कधीच तंतोतंत नसते. ठरावीक गुणांच्या वर गेली की दार उघडायचं. पास व्हायला किती गुण लागतील, तो आकडा मेनूत जाऊन मी टाकतो. आकडा चढवला की परका आत शिरणं अवघड होतं, पण आपलाच माणूस बाहेर राहण्याची शक्यता वाढते. उतरवला की उलट. कमिटीने 'एकदम कडक ठेवा' सांगितलं आणि मी ठेवलं. भांड्याच्या पावडरीने, सिमेंटने किंवा वयाने ज्यांच्या रेषा झिजल्यात, ते सगळे त्या एका आकड्याने बाहेर! (एसीत बसणाऱ्या सेक्रेटरींचं बोट पहिल्या फटक्यात लागतं.) ज्यांना आपण आजवर अंगठाबहाद्दर म्हणून हिणवलं, नेमका त्यांचाच अंगठा आता चालेना.

हे आपल्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आधारसाठी दहा बोटांबरोबर दोन्ही डोळ्यांची बुबुळंही घेतात, कारण नुसत्या बोटांवर विसंबता येत नाही. रेशन दुकानात अंगठा लागला नाही तर बुबुळ किंवा ओटीपी वापरा, तेही जमलं नाही तर नोंद करून धान्य द्या, असं आधार प्राधिकरणाने २०१७ मध्येच कळवलं होतं. सोसायटीच्या गेटवर अशी सोय ठेवायला कोण सांगणार?

आणखी एक. रहिवाशांच्या गाड्या स्टिकरवर आत जातात, बोट द्यावं लागतं ते फक्त कामवाल्यांना. स्टिकर हरवला तर दुसरा मिळतो, पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठ्याचं काय करणार? काम सोडून गेलेल्या बाईचं टेम्प्लेट पुसा, असं सांगायला १४ वर्षांत मला एकाही कमिटीचा फोन आलेला नाही. कित्येक मशीनांचा अॅडमिन पासवर्ड तर कारखान्यातून आला तोच आहे. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात संमतीची आणि काम संपल्यावर माहिती पुसण्याची अट आहे, हे मी सांगितलं की लोक म्हणतात, "अहो, साधं गेट आहे आपलं."

त्या सोसायटीत मी आकडा थोडा उतरवला आणि ज्यांचं बोट लागत नाही त्यांना कार्ड द्यायला लावलं. कमिटीतल्या एकांनी विचारलं, "कार्ड दुसऱ्या कुणाला दिलं तर?" म्हटलं, वॉचमन मावशींना चार वर्षं बघतोय, त्याला विचारा.

– एक वाचक, चिंचवड